कागदावर आहे तेवढंच

“पोरगा धडधाकट वापस आला तर पैसे भेटतात का, ताई?”

हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी बाप विचारतोच. मी म्हणते, नाही भेटत. मग तो बायकोकडे पाहतो, बायको माझ्याकडे पाहते, आणि दोघांच्याही मनात काय चाललंय ते मला स्पष्ट दिसतं. म्हणजे पोरानं तिकडे जाऊन निदान एकदा तरी आजारी पडायला हवं, नाहीतर हे सगळं पाण्यात गेलं.

मी वर्धेत विमा एजंट आहे. समोर मला शोभाताई म्हणतात, पाठीमागे पॉलिसीवाली. सुरुवात केली आयुर्विम्यापासून, पण अलीकडे माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे परदेशी शिकायला जाणाऱ्या पोरापोरींचा आरोग्य विमा. पुलगाव, नाचणगाव, देवळी, हिंगणघाट, सगळीकडून मुलं जातात. कुणी जॉर्जियाला डॉक्टर व्हायला, कुणी पोलंडला इंजिनियर व्हायला. ज्या घरातून नागपूरला जायचं तर आदल्या दिवशीपासून दशम्या बांधायला सुरुवात होते, त्या घरातली पोरगी आता एकटी तीन विमानं बदलते. आणि ती विमानतळावर दिसेनाशी झाली की आईबापांच्या हातात उरतो माझा एक कागद.

हे काम काय असतं ते बाहेरच्यांना सांगायला हवं. तिकडच्या दवाखान्यात एक दिवस काढायचा म्हटलं तर इकडे घरदार हलतं. म्हणून बहुतेक देश विम्याचा कागद असल्याशिवाय व्हिसाच देत नाहीत. मूल आजारी पडलं की कंपनीच्या मदत केंद्राला फोन करायचा, ते दवाखान्याशी बोलतात आणि बिल परस्पर भरतात. याला कॅशलेस म्हणतात. दातदुखी, चष्मा असल्या गोष्टींना ते फारसं विचारत नाहीत. पुलगावचा एक मुलगा दाढेच्या दुखण्यासाठी सुटीत घरी येऊन दाढ काढून गेला आणि तिकडे परत जाताना मला पेढे देऊन गेला. दाढेचे पेढे मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ले.

या धंद्यातली खरी मेख म्हणजे जुना आजार. फॉर्मवर तो आधी सांगितला असेल तर कंपनी कुरकुर करते, जास्त हप्ता मागते, पण बहुतेक आजारांत जिवावर बेतलं तर थोडाफार तरी खर्च उचलते. लपवला असेल आणि नंतर उघड झाला तर एक पैसाही देत नाही. नियम सरळ आहे. पण आमच्याकडे फॉर्म सरळ भरला जात नाही, तो आमच्या पद्धतीनं भरला जातो. मी घरी जाते, बैठकीत बसते, चहा येतो. मुलाचे वडील बाकीचं सगळं सोडून कंपनी पळून तर जाणार नाही ना एवढंच विचारतात. मग मी म्हणते, इथे सही करा, इथे, आणि इथे. ते करतात. कोरा फॉर्म मी पिशवीत घालते आणि रविवारी घरी निवांत बसून भरते. सातव्या रकान्यात आजारांची लांबलचक यादी असते, रक्तदाबापासून फेफऱ्यापर्यंत, आणि प्रत्येकापुढे होय किंवा नाही. मी ‘नाही’च्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढायची. एका रेघेत सगळे आजार बरे. त्याखाली ‘माहिती विचारून भरली’ असं छापलेलं असतं, तिथे माझी सही. सगळे एजंट असंच करतात, हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. ती केली नाही तर पुढचं समजणार नाही.

माझ्या सुरुवातीच्या मुलांपैकी एकाला तिकडे मूतखड्याची कळ आली. डॉक्टरनं सहज विचारलं, पूर्वी कधी झालं होतं का? पोरानं भोळेपणानं सांगितलं, हो, बारावीत असताना एकदा पोटात दुखलं होतं, आजीनं कुळथाचं पाणी दिलं. डॉक्टरनं ते लिहून घेतलं. तेवढ्या एका ओळीवर कंपनीनं जुना आजार म्हणून हात वर केले. मी महिनाभर भांडले, नागपूरच्या ऑफिसला खेटे घातले, काही झालं नाही. त्या दिवसापासून मी एक नियम केला आणि दरवर्षी मुलं जायच्या आधी सगळ्यांना एकत्र बोलावून तो शिकवू लागले. हॉल घ्यायचा, पोहे करायचे, आईबाप मागे, मुलं पुढे. मी खडूनं फळ्यावर लिहायची आणि मुलांकडून म्हणून घ्यायची : “दवाखान्यात गेलात तर कागदावर आहे तेवढंच बोलायचं.” मुलं हसत हसत एका सुरात म्हणायची. मला त्या नियमाचा अभिमान होता. माझा एकही क्लेम त्यानंतर अडकला नाही, असं मी चारचौघांत सांगत असे.

रुचिता लोखंडेनं तो नियम सगळ्यांत मोठ्यानं म्हटला होता. पहिल्या रांगेत बसली होती, वहीत लिहूनही घेतला होता.

लोखंडे सर अल्लीपूरचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. बोलणं शुद्ध, चालणं ताठ, पोरीला पोलंडच्या विद्यापीठात दोन वर्षांच्या कोर्सला प्रवेश मिळाला याचा आनंद चेहऱ्यावर दिसू नये याची काळजी घेणारे. मी फॉर्म घेऊन गेले तेव्हा त्यांनी तिची फाईल माझ्यापुढे ठेवली आणि सह्या करायला लागले. मी फाईल चाळत होते. गुणपत्रिका, जन्मदाखला, आधार, आणि त्यांच्यामध्ये एक लाल कार्ड. सरांचं लक्ष गेलं, त्यांनी हात पुढे करून पान उलटलं. “ते राहू द्या, ते शाळेच्या वेळचं आहे,” म्हणाले.

वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला लाल कार्ड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. अडकल्या की हाडं आतून पिळून निघावीत असं दुखतं. आईवडील दोघांच्याही रक्तात त्याचा अंश असला तर मुलाला हा आजार होऊ शकतो. नुसता अंश असणाऱ्याला पिवळं कार्ड, आजार असणाऱ्याला लाल. गोळ्या घेतल्या, पाणी भरपूर प्यायलं, थंडी आणि दगदग टाळली तर माणूस शिकतो, नोकरी करतो, सगळं करतो. पण घरात लाल कार्ड आहे हे गावात कळलं की पोरीच्या स्थळाचं बोलणं थांबतं. म्हणून सेवाग्रामचा दवाखाना एवढा जवळ असताना लोखंडे सर रुचिताला दाखवायला नागपूरला नेत. सेवाग्रामच्या रांगेत गावातलं कुणी ना कुणी भेटणारच. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त लाल रंग दिसला होता.

चहाचे कप घेऊन मी स्वयंपाकघरात गेले तर वहिनी, रुचिताची आई, ओट्याशी उभ्या होत्या. म्हणाल्या, “तिकडं थंडी लय पडते म्हणतात नं ताई? तिले थंडी सोसत नाई. जपाव लागते तिले.” आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. मी म्हटलं, “चांगलं जाकीट घेऊन द्या.” त्या रविवारी मी सातव्या रकान्यात नेहमीसारखी रेघ ओढली. ते लाल कार्ड आठवलं. पण सरांनी स्वतः होऊन काही सांगितलं नव्हतं, आणि मी विचारायला गेले असते तर त्यांना आवडलं नसतं. व्हिसाची तारीख जवळ आली होती. अशी कारणं माणसाला हवी तेवढी सापडतात.

नोव्हेंबरात दुपारी दीडच्या सुमारास सरांचा फोन आला. मी जेवायला बसणार होते.

“ताई, रुचिताला दवाखान्यात ठेवलंय. पोटात दुखतंय. ऑपरेशन करायचं म्हणतात. कॅशलेस होईल ना?”

आवाज शाळेत हजेरी घेताना असावा तसाच होता. मी म्हटलं, काळजी करू नका, मी बघते. मदत केंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं पॉलिसी क्रमांक घेतला आणि विचारलं, “मॅडम, पेशंट को पहले से कोई बीमारी?” आणि मी, एवढ्या वर्षांच्या सवयीनं, जराही न थांबता म्हटलं, “पॉलिसी में जो लिखा है वही।” तिनं सांगितलं, संध्याकाळपर्यंत दवाखान्याला बिलाचं हमीपत्र जाईल. मी फोन ठेवला. काम चोख झालं होतं. तरी मी ताट बाजूला सारलं.

रुचितासोबत राहणारी अनघा म्हणून कोल्हापूरची मुलगी होती. तिचा नंबर माझ्याकडे होता, कारण मी प्रत्येक मुलाच्या खोलीतल्या जोडीदाराचा नंबर घेऊन ठेवते. तिला लावला. ती दवाखान्यातूनच बोलत होती, रडवेली झाली होती. दोन दिवसांपासून रुचिताचे पाय आणि पाठ दुखत होती, मग पोटात सुरू झालं. डोळे पिवळे झालेत. अंगात रक्त फार कमी आहे म्हणतात. “काकू, डॉक्टर परत परत विचारतायत, रक्ताचा काही आजार आहे का घरात? ती नाही म्हणते. पित्ताशयाचं असेल म्हणून बारा वाजता ऑपरेशनला घेणार आहेत.”

तिकडचे बारा म्हणजे आपले साडेचार. घड्याळात दोन वाजायला आले होते.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा सिकलचा होता. त्याच्या हर्नियाच्या वेळी सेवाग्रामच्या डॉक्टरांनी आधी त्याला रक्त चढवलं होतं, सलाईन लावलं होतं, सगळी तयारी करून मगच भूल दिली होती. असं न करता भूल दिली तर छाती भरून येऊ शकते, माणूस हातचा जाऊ शकतो, हे मी तेव्हा माझ्या कानांनी ऐकलं होतं. आता पोलंडमध्ये कुणालाच काही माहीत नव्हतं, कारण पोरगी सांगत नव्हती.

मी सरांना फोन केला. सरळ विचारलं, “सर, रुचिताला सिकल आहे ना?”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “तुम्हाला कोणी सांगितलं? असं काही नाही.” आणि फोन बंद झाला. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. उचलला नाही.

यानंतरची वीस मिनिटं मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी खुर्चीत बसून विचार केला. कार्ड लालच होतं का? दुसरं कशाचं असेल तर? मी उठून सांगितलं आणि तसं नसलंच तर सर मला दारात उभं करणार नाहीत. असलंच, तर क्लेम गेला, आणि खाली सही माझी आहे. तिकडे एक पोरगी गुरासारखी ओरडत होती आणि इकडे मी माझी सही वाचवत होते. त्या खुर्चीत मी स्वतःला जितकी कळले तितकी कधी कळले नव्हते.

मग मी वहिनींना फोन लावला. मी नाव सांगायच्या आत त्या म्हणाल्या, “ताई, ते कार्ड तुमी पाह्यलं होतं नं?”

मी म्हटलं, हो.

“मले वाटलं होतं तुमी विचारसान. सरांसमोर नाई तर आत येऊन तरी विचारसान. म्हणून तं मी थंडीचं बोलली. तुमी जाकिटाचं सांगतलं अन् निघून गेल्या.”

मी म्हटलं, “वहिनी, चुकलं माझं. पण आता ऐका.” आणि ऑपरेशनचं सगळं सांगितलं.

“पोट्टीले मी सांगते,” त्या म्हणाल्या. “जोडा तिले.”

अनघाला व्हिडिओ लावला, वहिनींना त्यातच घेतलं. पडद्यावर रुचिताचा चेहरा आला आणि मी ओळखलंच नाही. ओठ कोरडे पडलेले, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झालेला. मी म्हटलं, “बेटा, डॉक्टरला सिकलसेलचं सांग.”

तिनं मान हलवली, नाही. “मले काही नाई, ताई.”

“अगं, मला माहीत आहे.”

“तुमीच सांगतलं नं ताई,” ती एकेक शब्द ओढून काढत होती, “कागदावर आहे तेवढंच बोलायचं. दुसरं बोललं तं क्लेम जाते. बाबाजवळ कुठून येणार एवढे पैसे?”

फळ्यावर खडूनं लिहिणारी मी, आणि हसत हसत म्हणणारी ती मुलं. मला वाटलं जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. मी म्हटलं, “ते चुकीचं शिकवलं मी. विसरून जा ते. पार विसर.” ती माझ्याकडे पाहत नव्हती. म्हणाली, “बाबाले विचारा.”

तेव्हा वहिनी बोलल्या. आवाज चढवला नाही. “बाबाले मी पाहून घेते. तू सांग माय. डॉक्टरले सगळं सांग. मोठ्यानं सांग.”

“अन् मंग गावात?”

“गाव गेलं खड्ड्यात. तू राह्यली पायजे मले.”

रुचितानं डोळे मिटले. गालावरून पाणी उशीवर गेलं. मग तिनं मान वळवून बाजूच्या कुणाला तरी इंग्रजीत सांगितलं. आवाज इतका बारीक होता की मला तो शब्द ऐकूही आला नाही. पण पांढऱ्या कोटातला एक माणूस एकदम वाकून तिच्या तोंडाजवळ आला, त्यानं तिला पुन्हा विचारलं, ती पुन्हा बोलली, आणि तो वळून कुणाला तरी हाका मारत बाहेर गेला. वहिनींनी कपाटातून लाल कार्ड काढून त्याचा फोटो पाठवला. पदरानं पुसून मग फोटो काढला होता, काठाशी पदर दिसत होता.

ऑपरेशन झालं नाही. पित्ताशयाचं काही नव्हतंच, सिकलचा झटका होता. रक्त चढवलं, ऑक्सिजन लावला. तीन दिवस ती कोणत्या बाजूला जाईल हे डॉक्टरही सांगत नव्हते. ते तीन दिवस मी घरात कशी वावरले ते माझ्या नवऱ्याला विचारा. भाजीत दोनदा मीठ, कधी बिनमिठाची, आणि फोन पदराला बांधल्यासारखा. चौथ्या दिवशी अनघाचा निरोप आला, रुचितानं खिचडी मागितली. मी देवापुढे दिवा लावला. आमच्या घरात देवापुढे दिवा मी कधी लावत नाही, सासूबाई लावतात. त्यांनी तेलाची बाटली पुढे सारली.

क्लेम गेलाच. कंपनीचं पत्र सरळ होतं : आजार लपवला. सोबत मला वेगळं पत्र आलं, तुम्हाला या आजाराची कल्पना होती काय, लेखी कळवा.

सर माझ्या घरी आले. तोवर माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. बसले नाहीत, दारातच उभे राहून म्हणाले, “ताई, तुम्ही एवढंच लिहा, की मी तुम्हाला सांगितलं होतं आणि तुम्हीच भरायला विसरलात. मग कंपनीला द्यावंच लागेल.” शाळेत आयुष्यभर खरं बोलायला शिकवलेला माणूस, मान खाली घालून, माझ्याकडे खोटं मागत होता. मला त्यांचा राग आला नाही. मीही त्यांच्या पोरीला हेच शिकवलं होतं.

मी म्हटलं, “सर, तुम्ही सांगितलं नव्हतं. पण मी पाहिलं होतं. तेवढं लिहिते.”

“त्यानं काय होणार?”

“तुमचं काही नाही होणार. माझं होईल.”

मी तसंच लिहिलं. कार्ड पाहिलं, विचारलं नाही, रेघ ओढली. कंपनीनं माझं काम काही महिने बंद ठेवलं. सरांना दमडी मिळाली नाही. त्यांनी ते बिल कसं फेडलं ते मी इथे लिहिणार नाही, तो अधिकार माझा नाही. एवढंच सांगते, की वाटेत दिसले तर मी नमस्कार करते, ते मान हलवतात आणि पुढे जातात.

त्या बंदच्या महिन्यांत मी एक काम केलं. वह्या काढल्या आणि आजवर पाठवलेल्या, अजून तिकडेच असलेल्या प्रत्येक मुलाला फोन लावला. आईबापांना नाही, मुलांनाच. म्हटलं, मी शिकवलं होतं ते चूक होतं. डॉक्टरनं विचारलं तर सगळं सांगायचं, क्लेमचं काय व्हायचं ते होऊ दे. बहुतेकांनी ‘हो ताई’ म्हटलं. काहीजण मात्र थांबले. मग कुणाचा दमा बाहेर आला, कुणाच्या मिरगीच्या गोळ्या, एकीचं लहानपणी झालेलं हृदयाचं ऑपरेशन. हिंगणघाटकडचा एक मुलगा म्हणाला, “ताई, मी झोपेच्या गोळ्या घेऊन राह्यलो. घरी नका सांगू.” मी त्याला डॉक्टरकडे पाठवलं आणि घरी सांगितलं नाही. ते बरोबर केलं की चूक हे अजून कळत नाही. प्रत्येक फोननंतर मी पाणी प्यायला उठायची. माझ्या एका रेघेखाली एवढं सगळं होतं आणि मी त्यावर निवांत झोपत होते.

काम पुन्हा सुरू झालं ते कमीच. आता मी फॉर्म समोर बसून भरते, एकेक आजार मोठ्यानं विचारते. मग आत जाऊन आईला वेगळं विचारते, आणि मुलाला गेटपर्यंत पोचवायला बोलावून तिसऱ्यांदा विचारते. लोक कंटाळतात, दुसऱ्या एजंटकडे जातात. तो एका रेघेत मोकळं करतो.

रुचिता सुटीत आली होती. वजन उतरलं होतं, पण बोलणं वाढलं होतं. दुसऱ्या वर्षाचा फॉर्म तिनं स्वतः भरला, माझ्या टेबलाशी बसून, सिकलसेल हा शब्द ठळक अक्षरांत. सर सोबत आले नव्हते. कंपनीनं पॉलिसी दिली, पण खाली एक ओळ घातली : सिकलसेल व त्यापासून उद्भवणारा कोणताही त्रास वगळून. इतर चार कंपन्यांना विचारलं, तिथेही तेच. तिनं ती ओळ दोनदा वाचली आणि हसली. “म्हंजे ताई, बर्फावरून घसरून पडली तं चालते. बॅग हरवली तं चालते. जे मले आहे तेवढंच नाई चालत.” मी म्हटलं, “जाऊ नको.” ती म्हणाली, “एकच वर्ष राह्यलं, ताई. अन् डॉक्टर तिथं आता मले ओळखते.”

आणि ती गेली.

आता आमच्यात एक ठरलं आहे. रोज सकाळी उठली की ती मला आणि आईला एक ओळ पाठवते. किती डिग्री, किती ग्लास पाणी, गोळी घेतली की नाही. “सात डिग्री, दोन ग्लास, गोळी झाली.” बस एवढंच. तिची सकाळ म्हणजे आपले अकरा-साडेअकरा. तो मेसेज आला की मी कामाला लागते. ही माझी पॉलिसी समजा, हिचा हप्ता रोज भरावा लागतो.

हा लेख मी सप्टेंबरच्या शेवटी लिहिते आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांचे दोन फोन येऊन गेले, आज संध्याकाळी पाठवायचाच आहे. तिकडे थंडी सुरू झाली. काल तीन डिग्री होतं. आज एक वाजून गेला, आणि मेसेज आलेला नाही. मी स्वतःला सांगतेय, वर्ग असेल, चार्जिंग संपलं असेल, उठायला उशीर झाला असेल. दोनदा फोन लावला, वाजत राहिला.

आत्ता, हे वरचं वाक्य लिहिलं आणि फोन वाजला. उडी मारून उचलला. वहिनी होत्या.

“ताई, तुमाले आला का?”

‘आला’ हा शब्द माझ्या ओठांवर होता. खरंच होता. त्यांना दोन तास तरी बरे गेले असते.

“नाही आला, वहिनी,” मी म्हटलं.

त्यांनी पलीकडे कुणाला तरी ‘नाई’ म्हणून सांगितलं. मग म्हणाल्या, “सर दुपारून घरी आले. ते बी फोन घेऊनच बसले होते. गाडी काढून राह्यले. आमी दोघं तुमच्याकडं येतो. एका जागी वाट पाहू.”

मी तिघांचा भात लावला आहे. फोन समोर ओट्यावर आहे.